वॉशिंग सेंटरमधली मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते तेव्हा: डायल फिरवण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: गाड्या धुण्याच्या हाय-प्रेशर पंपाची ५ एचपी थ्री फेज मोटर सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी ओव्हरलोड रिलेवर (जादा करंट गेला की मोटर बंद करणारा रिले) ट्रिप होते. वायरमनने रिलेचं सेटिंग ७.५ वरून ९ अँपिअरवर नेलं, तेव्हा दोन दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. आता वाळवणीचा ब्लोअरही सुरू होताना कधीकधी ट्रिप होतो. मोटर बदलावी का?

आधी ते सेटिंग परत ७.५ वर आणा, म्हणजे मोटरच्या नेमप्लेटवर जो आकडा आहे त्यावर. रिले ट्रिप होतोय म्हणजे तो आपलं काम करतोय. डायल पुढे सरकवली की बिघाड तसाच राहतो, फक्त त्याची झळ रिलेऐवजी वायंडिंगला (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीला) लागते. मोटर बदलण्याचा निर्णयही आत्ता नको, कारण अशा तक्रारीत दोष बऱ्याचदा मोटरमध्ये नसतोच. तो पंपात, वाल्वमध्ये, लाईनमध्ये किंवा पॅनेलमधल्या एखाद्या ढिल्या स्क्रूमध्ये असतो.

पॅनेल उघडण्याआधी एक गोष्ट घड्याळ लावून पाहा: मोटर सुरू केल्यापासून किती वेळाने ट्रिप होते. रिलेमधली बायमेटल पट्टी (दोन धातूंची जोडपट्टी) आतून जाणाऱ्या करंटच्या उष्णतेने वाकते, म्हणून रिलेला लागलेला वेळच जादा करंट किती आहे ते सांगतो. सेटिंगच्या १.०५ पट करंटवर तो दोन तासांत ट्रिप होऊ नये आणि १.२ पटीवर दोन तासांच्या आत व्हायलाच हवा, असं प्रमाण आहे. क्लास १० चा (क्लास म्हणजे रिले किती लवकर सुटतो त्याची श्रेणी) गरम रिले दीडपट करंटवर चार मिनिटांच्या आत सुटतो. थंड रिलेतून ७.२ पट करंट गेला तर ४ ते १० सेकंदांत. यावरून, तुमचा पंप वीस-पंचवीस मिनिटं चालून सुटतो म्हणजे लोड फार नाही, साधारण पाव हिश्शाने जास्त आहे. काही जाम असतं किंवा एक फेज गेला असता तर पंप इतका वेळ चाललाच नसता. ब्लोअर सुरू होतानाच सुटतो, त्यामुळे त्याचं दुखणं वेगळं आहे. दोन्ही एकाच कारणाने होतंय असं धरून बसू नका.

आणखी एक खात्री करून घ्या. ट्रिप नक्की काय झालं? ओव्हरलोड रिले, एमसीबी, मोटर प्रोटेक्शन ब्रेकर की अर्थ लीकेज ब्रेकर? बोलताना सगळ्यालाच ‘ट्रिप’ म्हणतात. लीकेज ब्रेकर पडत असेल तर केबल ग्लँडमधून, टर्मिनल बॉक्समधून पाणी आत गेलंय का ते बघावं लागतं. त्याचा ओव्हरलोडशी संबंध नाही. एमसीबी सुरू करताक्षणी पडत असेल तर तो शॉर्ट तरी असतो, नाहीतर चुकीच्या कर्व्हचा (किती करंटला लगेच पडायचं त्याची श्रेणी) एमसीबी बसवलेला असतो. पुढचं सगळं ओव्हरलोड रिलेबद्दल आहे, ज्याचे ९५-९६ हे संपर्क उघडून कॉन्टॅक्टरची (मोटरची लाईन जोडणारा-तोडणारा स्विच) कॉइल सोडतात.

आता मोजमाप. पायाखाली पाणी असलेली ही जागा आहे, म्हणून टर्मिनलला हात लावण्याआधी मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावा आणि टेस्टर आधी चालू लाईनवर तपासून घ्या, मग तो इथे लावून काही दाखवत नसेल तरच लाईन मेली आहे असं माना. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर बंद केल्यावरही त्याच्या आत चार्ज राहतो, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. चालू मोजणी कोरड्या जागी उभं राहून, पॅनेलमध्येच करा.

क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) ट्रू-आरएमएस असावा. तिन्ही फेजचा करंट एकामागून एक मोजा, आणि पंपाच्या बाबतीत गन उघडी असताना एकदा आणि गन बंद असताना एकदा. त्याच वेळी कॉन्टॅक्टरच्या खालच्या बाजूला तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजा. मोटर बंद असतानाचं व्होल्टेज इथे कामाचं नाही, लोडवर किती उरतं ते हवं. हे नऊ आकडे कागदावर आले की निम्मं निदान झालं.

तिन्ही करंट सारखे, पण सगळेच नेमप्लेटपेक्षा जास्त, तर लोड जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी आहे. एका फेजचा करंट बाकी दोघांपेक्षा ठळक वेगळा, तर लाईन, कॉन्टॅक्टर किंवा वायंडिंग. तिन्ही सारखे आणि नेमप्लेटच्या आत असूनही ट्रिप होतंय, तर रिले किंवा त्याची जागा. या तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीचा शोध वेगळा.

तुमच्या पंपाची पहिली वाट असण्याची शक्यता जास्त. प्लंजर पंपाला (दांडा पुढेमागे सरकवून पाणी ढकलणारा हाय-प्रेशर पंप) लागणारी ताकद काढायला साधं सूत्र आहे: दाब बारमध्ये गुणिले पाणी लिटर प्रति मिनिट, भागिले ६००, आणि पंपाच्या कार्यक्षमतेसाठी आणखी ०.८५ ने भागा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. १५ लिटर प्रति मिनिटचा पंप १२० बारवर चालला तर साधारण ३.५ किलोवॅट लागतात. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅटची मोटर, म्हणजे जेमतेम बसतंय. आता कोणीतरी ‘प्रेशर कमी वाटतंय’ म्हणून अनलोडरचा (दाब ठरवणारा आणि गन बंद झाली की पाणी वळवणारा वाल्व) नट घट्ट करून दाब १५० बारवर नेला. गरज ४.४ किलोवॅटवर गेली, मोटर १९ टक्के ओव्हरलोड. करंट ७.५ चा ९ अँपिअरच्या आसपास. त्यात दुपारी लाईन ४१५ ऐवजी ३८५ व्होल्टवर आली तर तेवढ्याच कामासाठी मोटर आणखी करंट ओढते आणि आकडा साडेनऊच्या पुढे जातो. प्रत्येक कारण एकेकटं असतं तर मोटरने निभावलं असतं, दोन्ही जुळले की वीस-पंचवीस मिनिटांत रिले सुटतो. सेटिंग ९ वर नेऊन दोन दिवस चाललं आणि मग पुन्हा सुटलं, त्याचाही उलगडा यातून होतो.

म्हणून पंपाच्या हेडवर गेज लावा. गनजवळच्या गेजवर विसंबू नका, होजमध्ये दाब पडतो. पंपाच्या प्लेटवरचा बार आणि प्रत्यक्ष बार यांची तुलना करा. मग क्लॅम्प एका फेजवर ठेवून दुसऱ्याला गन दाबायला आणि सोडायला सांगा. गन सोडल्यावर ट्रॅप-प्रेशर प्रकारचा अनलोडर पाणी बायपासला वळवतो आणि हेडवरचा दाब उतरवतो. करंट लगेच खाली यायला हवा, फोर-पोल मोटरच्या रिकाम्या चालीइतका, म्हणजे नेमप्लेटच्या ३० ते ५० टक्क्यांच्या जवळ. तो ७ अँपिअरवरच चिकटून राहिला किंवा वर उडाला तर अनलोडर उघडत नाही. पिस्टन चिकटलेला असतो, किंवा नॉन-रिटर्नचा बॉल आणि सीट खराब झाल्याने दाब आत अडकून राहत नाही आणि वाल्व सारखा उघडझाप करतो. दर वेळी दाबाचा झटका बसतो, मोटरही झटके खाते. गन किंवा होजची जोडणी ठिबकत असली तरी हेच होतं. मात्र काही पंपांवर नुसता रेग्युलेटर वाल्व असतो, जो बायपासमध्येही पूर्ण दाब धरून ठेवतो. तिथे गन बंद असताना करंट उतरत नाही तो दोष नव्हे. तिथे गन बंद ठेवून पंप चालू सोडणं हीच चूक, पाणी फिरून फिरून तापतं आणि सील जातात.

नोझलबद्दल एक चुकीची समजूत सर्रास ऐकू येते: ‘नोझल झिजली म्हणून मोटर लोड घेते.’ प्लंजर पंपात हे उलटं आहे. पंप दर फेरीला ठरलेलं पाणी ढकलतो, भोक मोठं झालं की दाब पडतो आणि करंट कमी होतो. झिजलेली नोझल मोटरला धोक्यात आणते ती वळणाने: दाब कमी वाटतो, माणूस अनलोडर आवळतो, पुढे कधीतरी नवी नोझल बसते आणि आवळलेला अनलोडर तसाच राहतो. नोझल बदलल्यावर दाब पुन्हा सेट करायलाच हवा. नोझल अर्धी तुंबली किंवा चुकून लहान नंबरची बसली तरी दाब अनलोडरच्या सेटिंगपर्यंत चढतो.

पट्ट्यावर चालणारा पंप असेल तर पुली तपासा. जळालेल्या ९६० आरपीएमच्या मोटरजागी १४४० ची बसवली आणि पुली तीच ठेवली, तर पंप दीडपट वेगाने फिरतो, पाणी दीडपट, ताकदही दीडपट किंवा त्याहून जास्त. नवी मोटर, नवा पंप आणि तरी ट्रिप, अशा ठिकाणी आधी नेमप्लेटवरचा वेग वाचा. पट्टा फार ताणला तर बेअरिंगवर जोर येतो, पण तेवढ्याने करंट फारसा वाढत नाही. क्रँककेसचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते बदला आणि सील शोधा. तेल तसंच राहिलं तर पुढे बेअरिंग घासून खरोखरच लोड वाढेल.

लोड मोटरचा की पंपाचा, याचा निवाडा करायला कपलिंग किंवा पट्टा सोडून मोटर रिकामी चालवा. करंट तिन्ही फेजमध्ये सारखा आणि वर सांगितलेल्या मर्यादेत, आवाज एकसारखा, शाफ्ट हाताने मोकळा फिरतो, तर मोटरला दोष देऊ नका.

दुसरी वाट, करंट असमान असण्याची. याची किंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. समजा लोडवर तीन व्होल्टेज ४१५, ४०८ आणि ३९५ आली. सरासरी ४०६. सरासरीपासून सर्वांत दूरचा आकडा ११ व्होल्टने दूर, म्हणजे असमतोल २.७ टक्के. ऐकायला किरकोळ, पण करंटमधला असमतोल व्होल्टेजच्या सहा ते दहा पट होतो, म्हणजे एका फेजवर पंधरा-पंचवीस टक्के जादा. बाकी दोन फेज आरामात असताना तो एक फेज वायंडिंग तापवतो. शिवाय फेज-फेल्युअर जाणणारा रिले असा असमतोल दिसला की नेहमीपेक्षा लवकर सुटतो. एक टक्क्यापर्यंत चालतं, त्यापुढे मोटरवर पूर्ण लोड देऊ नये, आणि पाच टक्क्यांच्या पुढे मोटर चालवूच नये. वॉशिंग सेंटरमध्ये हे होण्याचं अगदी घरचं कारण म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. सगळी सिंगल फेज मशिनं एकाच फेजवर जोडलेली असतात आणि गर्दीच्या वेळी तो फेज खाली बसतो. ती तिन्ही फेजवर वाटून द्या.

दोष लाईनचा की मोटरचा हे ठरवायला एक जुनी, खात्रीची चाचणी आहे. लाईन बंद करून मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा: यू च्या जागी व्ही, व्ही च्या जागी डब्ल्यू, डब्ल्यू च्या जागी यू. तिन्ही सरकवल्याने फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा करंट मोजा. जास्तीचा करंट पॅनेलच्या त्याच फेजवर राहिला तर दोष पुरवठ्यात, फ्यूजमध्ये किंवा कॉन्टॅक्टरमध्ये. तो वायरीबरोबर दुसऱ्या फेजवर गेला तर दोष केबल किंवा मोटरच्या वायंडिंगमध्ये. यात अंदाजाला जागाच उरत नाही.

पुरवठ्याकडे बोट गेलं तर कॉन्टॅक्टरच्या प्रत्येक पोलवर मोटर चालू असताना मिलिव्होल्ट मोजा, वरच्या टर्मिनलपासून खालच्या टर्मिनलपर्यंत. तिन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. दोन पोल काही मिलिव्होल्ट दाखवतात आणि तिसरा त्याच्या कितीतरी पट, तर त्या पोलचा कॉन्टॅक्ट जळालाय. साबणाच्या वाफेने आणि ओलाव्याने इथल्या पॅनेलमध्ये कॉन्टॅक्ट आणि लग (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) लवकर काळे पडतात. कॉन्टॅक्टवर कानस मारू नका, चांदीचा थर निघून जातो. संच बदला.

मोटरकडे बोट गेलं तर केबल सोडून तिन्ही वायंडिंगचा रेझिस्टन्स मोजा. आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. लहान ओहम मोजायला साधा मल्टिमीटर पुरत नाही, मिलिओहम मीटर घ्या. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणारं मीटर) बॉडीशी इन्सुलेशन मोजा, पूर्ण एक मिनिट. व्हीएफडी जोडलेला असताना मेगर कधीही मारू नका. कोरड्या, निरोगी मोटरला शेकडो मेगाओहम येतात. पाचच्या खाली आलं तर उघडून वाळवायची वेळ आली, एकच्या खाली तर सुरूच करू नका. उघडल्यावर ड्रेन होलची बुचं बघा. गरम मोटर थंड होताना ओली हवा आत ओढते, आणि खालचं भोक बंद असेल तर पाणी तिथेच साचतं. टर्मिनल बॉक्सवर गनचा फवारा मारून मोटर धुण्याची सवय आधी बंद करा. आयपी ५५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) म्हणजे हाय-प्रेशर फवाऱ्यापासून संरक्षण नव्हे.

नुकतीच मोटर बदलली किंवा रिवाइंड करून आणली असेल तर टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या नेमप्लेटशी ताडून बघा. स्टार आणि डेल्टा या वायंडिंग जोडण्याच्या दोन पद्धती. डेल्टाची मोटर स्टारमध्ये जोडली तर टॉर्क एक तृतीयांश होतो, रिकामी छान फिरते आणि लोड आला की गुरगुरून करंट खाते.

तिसरी वाट लहान आहे. करंट बरोबर आणि तरी ट्रिप, तर रिलेच्या टर्मिनलचे स्क्रू तपासा. ढिल्या टर्मिनलची उष्णता थेट बायमेटलला जाऊन मिळते आणि रिलेला वाटतं करंट वाढला. वायर काळवंडलेली, इन्सुलेशन कडक झालेलं दिसेल. वायरचा तो भाग कापून नवा लग बसवा. पॅनेल गरम पाण्याच्या बॉयलरजवळ किंवा थेट उन्हात असेल, किंवा रिले व्हीएफडीला चिकटून बसला असेल तर तेही कारण. आणि सिंगल फेज मोटर थ्री-पोल रिलेवर घेतली असेल तर करंट तिन्ही पोलमधून सिरीजमध्ये फिरवायला हवा. दोनच पोल वापरले की रिले ते फेज गेल्यासारखं समजतो.

आता ब्लोअर. त्याचा पंखा जड असतो, पूर्ण वेगाला यायला आठ-दहा सेकंद किंवा जास्तही लागतात, आणि तेवढा वेळ सुरुवातीचा मोठा करंट चालू राहतो. क्लास १० चा रिले याच सुमाराला सुटतो. इथे डायल वाढवायची नाही, क्लास २० चा रिले घ्यायचा. तो ७.२ पटीवर ६ ते २० सेकंद देतो आणि चालू असतानाचं संरक्षण तेवढंच ठेवतो. केबल आणि कॉन्टॅक्टर तेवढा वेळ सोसतील ना, ते बघून घ्या. ‘कधीकधी’ ट्रिप होतं याचा अर्थ बहुतेक असा की गाड्या लागोपाठ आल्या की ब्लोअर गरम असतानाच पुन्हा सुरू होतो. रिले थंड व्हायला वेळच मिळत नाही. दोन गाड्यांमध्ये तो बंद न करता चालू ठेवणं बरं, किंवा सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावा. इनलेटला डँपर (हवा अडवणारी झडप) असेल तर बंद ठेवून सुरू करा.

डँपर बंद ठेवल्याने लोड कमी होतो हे अनेकांना पटत नाही, पण सेंट्रिफ्यूगल पंख्याचा नियम तोच आहे: हवा अडली की करंट उतरतो, मोकळी झाली की चढतो. म्हणून डक्ट फाटला, तोंडाची नोझल निखळली, तर ब्लोअर ओव्हरलोड होतो. हवेचा फिल्टर चोंदला तर उलट करंट कमी दिसतो. व्हॅक्यूमसाठी वापरलेला साइड-चॅनेल ब्लोअर मात्र याच्या अगदी विरुद्ध वागतो, त्याचा फिल्टर चोंदला की करंट चढतो. दोघांना एकच फूटपट्टी लावली की निदान फसतं. व्हीएफडीवर असलेला पंखा कोणी ‘जोर वाढावा’ म्हणून ५० ऐवजी ५५ हर्ट्झवर नेला असेल, तर लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ३३ टक्के जास्त.

ब्लोअर स्टार-डेल्टावर (आधी स्टार, मग डेल्टा जोडून मोटर सुरू करणारा स्टार्टर) असेल तर रिले कुठे बसलाय ते पाहा. मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वायंडिंगच्या फेजमध्ये असेल तर सेटिंग नेमप्लेटच्या ०.५८ पट: २८ अँपिअरच्या मोटरला १६.२. तिथे २८ लावलं तर मोटर जळेपर्यंत रिले गप्प बसेल. तो लाईनमध्ये सगळ्यांच्या आधी असेल तर पूर्ण २८.

ब्रश फिरवणाऱ्या गिअर मोटरसाठी एवढंच: ब्रेक आधी तपासा. ब्रेकच्या कॉइलला डीसी देणारा रेक्टिफायर निकामी झाला की ब्रेक सुटत नाही, मोटर त्याला ओढत फिरते आणि जळका वास येतो. ब्रशच्या पट्ट्या दोऱ्यासारख्या शाफ्टवर गुंडाळल्या असतील तर कापून काढा. साबण कमी पडला तरी घर्षण वाढून करंट चढतो. एअर कॉम्प्रेसर सुरू होतानाच ट्रिप होत असेल तर बंद झाल्यावर प्रेशर स्विचमधून ‘फुस्स’ आवाज येतो का ऐका. आवाज आला नाही तर हेडमधली हवा सुटलेली नाही आणि मोटर दाबाविरुद्ध सुरू होतेय. तो आवाज थांबतच नसेल तर टाकीचा नॉन-रिटर्न गळतोय.

तुमच्यासाठी क्रम असा: पंपाचं सेटिंग ७.५ वर, हेडवर गेज, अनलोडर पंपाच्या प्लेटवरच्या बारपर्यंत खाली, गन उघडी-बंद करून करंट, मग व्हॅक्यूमची मशिनं तिन्ही फेजवर वाटून पुन्हा व्होल्टेज. ब्लोअरला क्लास २० चा रिले. रिलेचं रीसेट ‘मॅन्युअल’वरच ठेवा, ‘ऑटो’वर ठेवलं तर थंड झाल्यावर मशिन आपोआप सुरू होऊन कोणाचा तरी हात अडकेल. सगळं सुरळीत झालं की त्या दिवशीचे तिन्ही फेजचे करंट, व्होल्टेज आणि पंपाचा दाब तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वेळी ट्रिप झालं की त्या आकड्यांशी ताडूनच कामाला लागा.